स्टँडबाय सर्व्हर लावून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

पोस्टग्रेस डेटाबेसच्या मुख्य सर्व्हरला (प्रायमरी) स्टँडबाय, म्हणजे त्याचे बदल सतत उचलत राहणारा जोडसर्व्हर, लावला तेव्हा वाटलं होतं सेटअप झाला की सुटलो. सेटअप तर एका दुपारीच उरकला. दुसऱ्या मशीनवर पीजी_बेसबॅकअप (प्रायमरीची पूर्ण प्रत उतरवणारं टूल) चालवलं, त्यात आर ऑप्शन दिला की स्टँडबाय.सिग्नल फाइल आणि कनेक्शनची सेटिंग तेच लिहून ठेवतं, सर्व्हिस सुरू केली आणि लागला गडी प्रायमरीच्या मागे पळायला. फक्त जुने लेख वाचून रिकव्हरी.कॉन्फ (पूर्वी स्टँडबायची सेटिंग हिच्यात असायची) बनवत बसू नका, व्हर्जन १२ पासून ती फाइल दिसली तर सर्व्हर सुरूच होत नाही. माझा अर्धा तास त्यातच गेला.

खरी मजा नंतर. एका शुक्रवारी रॅम वाढवायला स्टँडबाय बंद केला आणि परत चालू करायचाच राहिला. रेप्लिकेशन स्लॉट लावलेला, म्हणजे स्टँडबायने न उचललेल्या वॉल फाइली (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) प्रायमरी टाकत नाही, १६-१६ एमबीच्या फाइली नुसत्या साचत राहतात. सोमवारी सकाळी प्रायमरीची डिस्क ९४ टक्के! एक जण म्हणाला पीजी_वॉल मधल्या जुन्या फाइली उडवू का, त्याचा हातच धरला. तसं केलं असतं तर डेटाबेसच गेला असता. स्टँडबाय चालू केला, त्याने पाऊण तासात सगळं ओढून घेतलं, मग डिस्क हळूहळू मोकळी झाली. म्हणजे ज्याच्या भरवशावर निवांत झोपायचं त्यानेच प्रायमरी पाडायची वेळ आणलेली. तेव्हापासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजला, म्हणजे स्लॉटसाठी किती वॉल साठवायची त्या सेटिंगला, मर्यादा घातलीय (व्हर्जन १३ पासून आहे, डिफॉल्टला मर्यादा नसते). ती ओलांडली तर स्टँडबाय पुन्हा पहिल्यापासून बनवावा लागेल, चालेल.

ऑटोमॅटिक फेलओव्हरही (प्रायमरी गेला की स्टँडबायने आपोआप त्याची जागा घेणं) करून बघितला, कीपअलाइव्हडी (दुसरं मशीन जिवंत आहे का बघणारा प्रोग्राम) आणि व्हर्च्युअल आयपी (जो प्रायमरी असेल त्याच्याकडे सरकणारा पत्ता) लावून. एकदा नेटवर्क स्विच रीस्टार्ट झाला, काही सेकंद दोघांना एकमेकं दिसेनात, स्टँडबायला वाटलं प्रायमरी मेला आणि तो स्वतःच प्रायमरी होऊन बसला. आता दोघंही मालक, दोघंही रायटिंग घेतायत. ११ ऑर्डरी जुन्यावरच राहिल्या, त्या हाताने शोधून इकडे घातल्या. दोनच मशीन असली की खरं कोण गेलंय हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो, आमच्याकडे नव्हता. आता फक्त अलर्ट येतो, माणूस बघतो आणि मग स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्टची पहिली ओळ जुन्या मशीनची पॉवर कापायची, पीजी_प्रमोट (स्टँडबायला प्रायमरी करणारी कमांड) त्याच्यानंतर.

सहाव्या महिन्यात प्रायमरीचा पॉवर सप्लाय खरोखरच गेला, रात्री पावणेतीनला. एकूण ९ मिनिटं लागली, त्यातली ६ लॅपटॉप शोधून व्हीपीएनला लॉगिन होण्यात. प्रमोट काही सेकंदात. पण सकाळी कळलं की बिलांचे मेल जात नाहीयेत, कारण क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) जुन्या मशीनवरच होते! शिवाय एका ॲपला नव्या मशीनवर कनेक्शनच मिळेना. डेबियन लिनक्सवर पीजी_एचबीए.कॉन्फ (कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणारी फाइल) डेटा डिरेक्टरीत नसते, ईटीसी फोल्डरमध्ये असते, त्यामुळे ती बेसबॅकअपमध्ये आलीच नव्हती आणि नंतरचे बदलही कोणी तिकडे केले नव्हते. डेटा सगळा तिकडे, संसार इकडेच, अशी गत.

सिंक्रोनस मोडही (स्टँडबायकडे पोचल्याशिवाय प्रायमरी बदल पक्का, म्हणजे कमिट, करत नाही) आठवडाभर लावला होता. एकच स्टँडबाय आणि तो बंद पडला तर प्रायमरीवरचे कमिटही अडकून बसतात, म्हणून काढला. असिंक्रोनसमध्ये प्रायमरी गेलाच तर शेवटच्या क्षणाचा डेटा जाऊ शकतो, ते मान्य केलंय. आणि हो, हा बॅकअप नव्हे. आमच्यातल्या एकाने वेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारलं, त्याचं बोट एंटरवरून उठेपर्यंत ते स्टँडबायवर पोचलेलं. शेवटी रात्रीचा बॅकअप आणि वॉल अर्काइव्हच कामी आलं.

आता महिन्यातून एका रविवारी मुद्दाम अदलाबदल करतो. जुना प्रायमरी पीजी_रिवाइंडने (फक्त वेगळे झालेले भाग नव्या प्रायमरीकडून घेऊन जुळवून घेणारं टूल) परत स्टँडबाय होतो, मात्र त्यासाठी चेकसम किंवा वॉल_लॉग_हिंट्स ही सेटिंग आधीपासून चालू हवी. आमचं एकच चुकलं, मशीनची नावं प्रायमरी आणि बॅकअप ठेवली होती. सध्या बॅकअप नावाचा सर्व्हर प्रायमरी आहे, आणि नवीन आलेल्या पोराला हे समजावताना मीच दोनदा चुकलो.