प्रकाश ऐकवणारी नळी: वर्षभराच्या वापरानंतर

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना अनुमापनाचा, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून रंग बदलेपर्यंत किती लागते ते मोजण्याचा, प्रयोग शिकवताना एखादा डोळस सहाध्यायी शेजारी उभा राहून "गुलाबी झाले" असे सांगत असे आणि विद्यार्थी ते टिपून घेत असे. निरीक्षण एकाचे आणि वही दुसऱ्याची, असा तो प्रकार होता. तो टाळण्यासाठी आम्ही प्रकाशाचे ध्वनीत रूपांतर करणारे हे उपकरण घेतले. पेनाएवढ्या नळीच्या टोकाला प्रकाशसंवेदक आहे. प्रकाश वाढला की स्वर चढतो, घटला की उतरतो.

त्याचा खरा कस लागतो तो आयोडीन आणि सोडिअम थायोसल्फेटच्या अनुमापनात. शंकुपात्राच्या एका बाजूला दिवा आणि समोरच्या बाजूला स्टँडला घट्ट आवळलेली नळी, अशी मांडणी केल्यावर स्टार्चमुळे निळेकाळे झालेले द्रावण प्रकाश अडवून धरते आणि खर्जातला स्वर घुमत राहतो. शेवटच्या थेंबासरशी द्रावण रंगहीन होते आणि स्वर एकदम वर चढतो. त्या क्षणी द्रावण थेंबथेंब सोडणाऱ्या ब्यूरेटची तोटी विद्यार्थी स्वतःच बंद करतो.

आम्ल-अल्कलीच्या अनुमापनात गुलाबी रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फथॅलिन या दर्शकाच्या बाबतीत मात्र निराशा झाली. फिकट गुलाबी छटेने स्वरात इतका थोडा फरक पडतो की सरावलेला कानही चकतो. गुलाबी द्रावण मुख्यतः हिरवा प्रकाश शोषते, हे ध्यानात आल्यावर आम्ही दिव्यापुढे हिरवा जिलेटिन कागद लावला आणि तोच उतार स्पष्ट ऐकू येऊ लागला. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख नाही. ती पुस्तिकाही केवळ छापील आहे, ब्रेलमध्ये नाही. उपकरण कोणासाठी बनवले याचा उत्पादकाला विसर पडला असावा.

इअरफोनची सोय नसल्यामुळे चार गट एकाच वेळी काम करू लागले की कोणता स्वर कोणाचा ते कळत नाही. कोणी खिडकीसमोरून गेले तरी सूर हलतो, म्हणून पडदे ओढावे लागतात. चालू-बंदची कळ पृष्ठभागाशी इतकी सपाट आहे की तिच्यावर आम्हाला फुगीर टिंब चिकटवावे लागले.

शिवाय ही नळी द्रावण किती खर्ची पडले ते सांगत नाही. ब्यूरेटवरील रेघा बोटांना लागत नाहीत, त्यामुळे स्वतंत्रपणे मोजमाप करायचे असल्यास दट्ट्यावर ठरावीक अंतराने खाचा पाडलेली सिरिंज सोबत ठेवावीच लागते. आम्ही त्या खाचा कानशीने स्वतः पाडल्या.