पुढच्या फोर्कसाठी बनवून घेतलेले प्रीलोड ॲडजस्टर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांच्या बाईकच्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या शॉकअपवर, कंपनीकडून नुसती चपटी कॅप येते, ॲडजस्ट करायला काहीच नसतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या बाईकला साधे डॅम्पर रॉडवाले फोर्क आहेत, प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) बदलायचा तर दर वेळी कॅप उघडून स्पेसर (स्प्रिंगवरची नळी) कापा किंवा वर वॉशर टाका. म्हणून लेथवर दोन कॅप बनवून घेतल्या, ज्यांच्या मधून एक स्क्रू खाली जातो आणि स्पेसर दाबतो. पावसात, धुळीत, सामान लादून, डबलसीट, सगळ्या प्रकारे वापरून झाल्यात, आता जरा सविस्तर सांगता येईल.

आधी एक गोष्ट, कारण हे बघून पहिला प्रश्न तोच येतो की "म्हणजे शॉकअप हार्ड होतात का?" नाही होत. साध्या लिनियर स्प्रिंगचा रेट समजा 0.8 किलो प्रति मिलिमीटर असेल तर प्रीलोड 5 मिलिमीटर ठेवा नाहीतर 20, पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला तेवढेच 0.8 किलो लागणार. बदलतं काय तर बाईक किती उंचीवर बसते ते, म्हणजेच सॅग, वजनाने फोर्क किती खाली बसतो ते. आणि हिशोब सरळ आहे, दोन्ही बाजूंचा प्रीलोड 1 मिलिमीटर वाढवला की सॅग साधारण 1 मिलिमीटर कमी होतो. माझ्या फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे तो एकूण दाबला जातो ते अंतर, 120 मिलिमीटर, मी बसल्यावर सॅग 47 येत होता, म्हणजे जवळजवळ 40 टक्के ट्रॅव्हल बाईक उभी असतानाच संपलेला. रस्त्यावरच्या बाईकला 30 ते 40 मिलिमीटर सॅग ठीक समजतात. स्क्रू 10 फेरे आत घेतला, सॅग 38 वर आला. ब्रेक मारल्यावर नाक अजूनही बुडतंच, पण वरून सुरुवात होते त्यामुळे खाली शिल्लक जास्त राहते आणि खड्ड्यात ब्रेक लागला तर खाडकन तळाला जाणं जवळपास बंद झालं. मला एवढंच हवं होतं आणि ते अगदी पूर्ण मिळालं.

आता बनावटीबद्दल, कारण खरा खेळ तिथेच आहे. कॅप ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचा. दोन्ही ॲल्युमिनियमचे करू नका, लोडखाली फिरवताना आटे एकमेकांना चावतात आणि एकदा चावले की स्क्रू ना वर ना खाली. स्टेनलेसलाही ग्रीस लावूनच बसवायचा. स्क्रूला 12 गुणिले 1 चे बारीक आटे, म्हणजे एक फेरा बरोबर 1 मिलिमीटर, मनात हिशोब करायला फार सोपं जातं. आट्यांच्या वर स्क्रू 10 मिलिमीटरचा गुळगुळीत आहे, त्यात ओ-रिंगची (तेल अडवणाऱ्या रबरी कडीची) खाच, आणि सगळ्यात वर 8 च्या पान्याचा षटकोन.

हे माप असंच का, तर स्क्रू कॅपमध्ये खालून घातला जातो. त्याच्या बुडाला कॅपच्या भोकापेक्षा मोठी चकती आहे, त्यामुळे स्प्रिंगने कितीही ढकललं तरी स्क्रू वरून बाहेर निघूच शकत नाही. काही जण वरून स्क्रू घालणारं डिझाईन करतात, त्यात कुणी विसरून जास्त सैल केला की स्प्रिंगचा सगळा जोर त्या शेवटच्या दोन आट्यांवर आणि तुमचं तोंड हँडलच्या वर. तसलं करू नका, अगदी कळकळीने सांगतोय. उलट दिशेला, म्हणजे आत घेताना, षटकोनाखाली एक सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आहे ती कॅपला टेकते आणि 15 मिलिमीटरनंतर स्क्रू थांबतो. खालून घालताना ओ-रिंगला आट्यांमधून जावं लागतं, तिथे ती कापली जायला नको. 2 मिलिमीटर जाडीची रिंग 1.6 खोल खाचेत बसवली की बाहेरचा व्यास 10.8 होतो आणि 12 गुणिले 1 च्या आट्यांचं आतलं माप 10.9, म्हणजे ती जेमतेम निघते. तरी ग्रीस लावा आणि आट्याच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कड) घ्या.

एका बाजूच्या कॅपवर सुरुवातीला पाना फिरवला की षटकोनाच्या मुळाशी तेलाची बारीक चकाकी यायची, थेंब नाही, नुसता ओलावा आणि त्यावर धूळ चिकटून काळी कडी. दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. ओ-रिंग काढून बघितली तर तिला काही झालेलं नव्हतं, पण कॅपच्या भोकात टॉर्च मारला तर टूलची एक बारीक गोल रेघ दिसली, नखाला लागत होती. टर्नरने घाईत सोडलेली. दांडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून ती घासून काढली, नवीन रिंग घातली आणि त्यानंतर आजपर्यंत कोरडं आहे. तेव्हा माप बरोबर आलं म्हणून कॅप लगेच ताब्यात घेऊ नका, भोक आतून बघा.

तेलाचा मुद्दा बरेच जण सोडून देतात. नवीन कॅप जुनीपेक्षा खाली लांब लोंबते, ती आतली हवेची जागा खाते, आणि ती हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखंच काम करते. जागा कमी झाली की तळाजवळ फोर्क उगाच कडक लागतो. म्हणून लोंबणाऱ्या भागाचं घनफळ काढून तेवढी तेलाची पातळी खाली घ्यावी लागते. पातळी नेहमीप्रमाणे स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून मोजायची. स्पेसरही तेवढाच आखूड करायचा, नाहीतर कॅप बसवताना स्प्रिंग दाबता दाबता घाम निघतो आणि आटे तिरके लागायची भीती. कॅप उघडायच्या आधी पुढचं चाक हवेत घ्या आणि वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, तो कॅपचे आटे आवळून धरतो.

डबलसीटसाठी मात्र फार अपेक्षा ठेवू नका. मागे बसणाऱ्याचं वजन बहुतेक मागच्या चाकावर जातं, पुढे दोन-तीन फेऱ्यांचा फरक पुरतो. टँकबॅग भरून निघायचं असेल तेव्हा ॲडजस्टरचा खरा उपयोग जाणवतो. आणि पुढचं फार उचललं तर स्टिअरिंग जड आणि सुस्त होतं, कारण रेक (फोर्कचा तिरकेपणा) आणि ट्रेल (स्टिअरिंगच्या रेषेच्या किती मागे टायर टेकतो ते अंतर) दोन्ही वाढतात, वळणात ते लगेच कळतं, मी 12 फेऱ्यांच्या पुढे जात नाही.

तेल बदलायला कॅप उघडल्या तेव्हा स्क्रूच्या चकतीखालचा स्टीलचा वॉशर बघितला, त्यावर स्पेसरची गोल चकचकीत खूण होती, तेलात चुरा नव्हता. वॉशर नसता तर स्क्रूची चकती फिरताना प्लास्टिकच्या स्पेसरचं टोक खात बसली असती. षटकोनाखालची सर्क्लिप साध्या स्टीलची होती, पावसाळ्यात गंजली, ती स्टेनलेसची टाकली.

करून घ्यायचे असतील तर आधी सॅग मोजा, बाईकचा एकटीचा आणि तुम्ही बसल्यावरचा. तुमचा सॅग बरोबर येईपर्यंत प्रीलोड वाढवला आणि बाईकचा एकटीचा सॅग जवळजवळ शून्यावर आला तर तुमच्या वजनाला स्प्रिंगच मऊ आहेत, तिथे ॲडजस्टर काही करू शकत नाही, आधी स्प्रिंग बदला.