हरभऱ्याची मर: बियाण्याला ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास की बॅसिलस?

सोयाबीन निघालं की हरभऱ्याच्या बियाण्याबरोबर दुकानदार एखादं जैविक बुरशीनाशकाचं पाकीट पुढे करतोच. कोणतं, ते बहुतेक वेळा त्याच्याकडे काय शिल्लक आहे यावर ठरतं. खरं तर ते तुमच्या जमिनीवर आणि रोगावर ठरायला हवं.

रोग आधी ओळखा. रोप लहान असतानाच कोलमडलं आणि बुडाशी पांढऱ्या बुरशीत मोहरीएवढे दाणे दिसले तर ती मानकुज. हिरव्या झाडाने माना टाकल्या आणि खोड उभं चिरल्यावर आत काळपट रेघ निघाली तर फ्युजारियम या बुरशीची मर. घाटे धरताना, ऊन वाढल्यावर झाड वाळलं आणि उपटताना ठिसूळ मूळ मातीतच तुटून राहिलं तर कोरडी मूळकुज. मरीची बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते, म्हणून एक हंगाम सोडून भागत नाही.

ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी. ती रोगाच्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांच्यावरच जगते. मर आणि मानकुज दोन्हींसाठी माझी पहिली पसंती हीच, पण एका अटीवर: शेणखत हवं. तिला थोडी आम्ल, सेंद्रिय माती मानवते; आपली काळी रानं बहुतेक विम्लधर्मी. नुसती बियाण्याला चोळून खत नसलेल्या रानात पेरली तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकरी 100 किलो कुजलेल्या शेणखतात किलो-दोन किलो पावडर मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, दहा-पंधरा दिवसांनी जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी असताना टाका. कच्चं खत टाकलंत तर मानकुजीलाच खाद्य मिळतं.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांभोवती पटकन वस्ती करतो, मातीतलं लोह ओढून घेऊन रोगकारक बुरशीला उपाशी ठेवतो आणि झाडाची प्रतिकारशक्तीही जागी करतो. चुनखडीच्या जमिनीत लोह आधीच दुर्मीळ, त्यामुळे तिथे ही चाल जास्त लागू पडते. त्याचं दुखणं टिकाऊपणात आहे. तो बीजाणू (वाईट दिवसांत तग धरणारं सुप्त रूप) करत नाही, म्हणून दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली पडलेल्या पाकिटात जिवंत काय उरलं असेल, याचा विचार करा.

बॅसिलस सबटिलिस हाही जिवाणूच, पण तो बीजाणू करतो, ऊन आणि कोरड सोसतो, पाकिटातही जास्त टिकतो. कोरडवाहू हलक्या रानात, कोरड्या मुळकुजीची धास्ती असेल तर मी त्याच्याकडे वळेन.

बियाण्याला कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक लावणार असाल तर गणित बदलतं. ते स्वस्त आहे, सुरुवातीला कामही करतं, पण ट्रायकोडर्मालाही मारतं. एकाच बियाण्यावर दोन्ही लावणं म्हणजे एका पाकिटाचे पैसे पाण्यात. जिवाणूंना कार्बेन्डाझिमचा फारसा त्रास नाही. त्यांचं वैर तांबेयुक्त औषधांशी.

खर्चाला घाबरू नका. ट्रायकोडर्मा पावडर किलो बियाण्याला 5 ग्रॅम, स्युडोमोनास 10 ग्रॅम. एकरी 30 किलो बियाणं धरलं तर 150 ते 300 ग्रॅम लागतं. रायझोबियम (नत्र पुरवणारं जिवाणू खत) लावणार असाल तर ते सगळ्यात शेवटी चोळा, बियाणं सावलीत सुकवा, लगेच पेरा. पाकीट घेताना कंपनीच्या नावाआधी उत्पादनाची तारीख बघा.

मर दिसायला लागल्यावर आळवणी करून, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतून, मेलेलं झाड उठत नाही. शेजारचं वाचलं तर वाचलं. त्यात पुन्हा ‘विजय’, ‘दिग्विजय’सारखा मर सहन करणारा वाण नसेल तर एकट्या जिवाणूवर किंवा बुरशीवर भिस्त ठेवू नये. आणि ज्या तुकड्यात गेल्या वर्षी निम्मा हरभरा मरीने गेला, तिथे पाकिटांची तुलना करत बसण्यापेक्षा पुढच्या दोन-तीन रब्बी गहू किंवा ज्वारी घ्या.