ठासणीची बंदूक, लंडनचा भाव आन चाचांचा माल

नाव टाकत नाही कारण चाचा बोर्ड लावून बसत नाहीत, संभाजीनगरच्या जुन्या भागात घरूनच जुन्या वस्तूंचा धंदा करतात, ओळखीनं जावं लागतं. पण जुन्या बंदुकांचा शौक असणाऱ्यांसाठी लिहायलो.

मला जी दाखवली ती आधी चकमकीच्या ठिणगीवर उडणारी, नंतर टोपीवर (घोडा आदळला की फुटणारी बारकी दारूची टोपी) बदललेली, घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट आन 'टॉवर' असा इंग्रजांच्या सरकारी हत्यारांवरचा शिक्का. भाव 90,000. वर गोष्ट की निजामाच्या फौजेतली हाय, अमुक देशमुखाच्या वाड्यातून निघाली, पोलीस अॅक्शनच्या टायमाला कडब्यात लपवलती. आपल्याकडं 1948 ची गोष्ट चिकटली नाही अशी जुनी वस्तू दाखवाच राव! कागद हाय का म्हणलं, तर नाही. मग गोष्ट फुकटात ऐकायची, पैसे लोखंड-लाकडाचे द्यायचे.

पण माणूस चिडला नाही, स्वतः पेचकस आणून पट्टी खोलून दिली, आन हे फार कमी जण करतात. आत स्प्रिंग नवी, दोन स्क्रूच्या खाचा मशीननं कापल्यासारख्या सरळ, कडा पण झिजलेल्या नाहीत. टॉवरचा शिक्का तर आजकाल नकली मालावर बी मारतात, त्याच्यावर जाऊ नका. दस्ता मात्र अस्सल, गाल टेकतो तिथं काळा गुळगुळीत झालेला.

मग चाचांनी मोबाईलवर लंडनच्या लिलावात अशा बंदुकीला मिळालेला आकडा दाखवला. आता त्या आकड्यात लिलाववाल्यांनी घेणाऱ्यावर लावलेलं वीस-पंचवीस टक्के कमिशन बी धरलेलं असतं, इथं मधे कोणीच नाही तर ते कशाला द्यायचं? आन पुरातन वस्तूंच्या 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू आपल्याला देशाबाहेर विकताच येत नाही, मग तिथला भाव इथं कसा लागू होईल? यावर चाचा हसले, चहा मागवला, आन 52,000 ला सौदा जमला. माझ्या मते दोन-तीन हजार जास्तच गेले पण ठीकाय, दस्त्यासाठी.

नळी बुजवलेली हाय, ते बघूनच घ्या. आर्म्स अॅक्टच्या कलम 45 मधली सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला हाय, चालू बंदूक बिनपरवाना घेतली तर सरळ केस.

एक स्टार कापला तो बिलासाठी. पुरातत्त्व खात्याचं लायसन भिंतीवर लावलंय पण हातात कच्ची चिठ्ठी देऊ लागले, नळी बंद असल्याचं लिहिलेलं पक्कं बिल मागून मागून घेतलं. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, भेटत नाहीत.