पत्त्यांची जादू शिकायचीय? मग कॅट कुठला घ्यायचा

जादू शिकायला बसलेला माणूस चार दिवस कुठली ट्रिक शिकू यावर घालवतो आणि कॅट मात्र घरात रमीसाठी पडलेला असतो तोच उचलतो. मग पंखा एकसारखा उघडत नाही, दोन पानं एकत्र उचलायला गेलं की कधी एक येतं कधी तीन, आणि महिन्याभरात वाटायला लागतं आपल्या हातातच काही नाही. बऱ्याचदा हात ठीक असतात हो, पत्ते साथ देत नसतात.

तर आधी स्टेशनरीच्या दुकानातला साधा कॅट आणि बायसिकल रायडर बॅक हे दोन शेजारी ठेवून बघा. बायसिकल म्हणजे अमेरिकन कंपनीचे, हे नाव 1885 पासूनचं आहे आणि रायडर बॅक हे पानांच्या पाठीवरचं डिझाइन 1887 पासूनचं, लाल आणि निळ्या रंगात येतात. कागदीच आहेत, पण पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे दाबलेले असतात, त्यात हवा राहते म्हणून पानावरून पान एकसारखं सरकतं. आपला दुकानातला स्वस्त कॅट बहुतेक वेळा गुळगुळीत असतो, पहिले दोन दिवस मस्त पळतो आणि हाताचा घाम लागला की पानं गठ्ठ्याने चिकटायला लागतात. दुसरा फरक रुंदीचा, बायसिकल पोकर साइज म्हणजे साधारण 63 बाय 88 मिलिमीटर, आणि आपल्याकडचे बरेचसे कॅट ब्रिज साइजचे म्हणजे 57 च्या आसपास रुंद. लहान मुलाला शिकवायचं असेल तर अरुंद पान बरं पडतं, पण मोठ्या माणसाला तळहातात पान लपवायला, पंखा करायला पोकर साइजच घ्या कारण पुस्तकं, व्हिडिओ सगळे तेच धरून शिकवतात.

आणि पांढरी किनार! हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. रायडर बॅकच्या पाठीवर चारही बाजूंनी पांढरी पट्टी असते. समजा तुम्ही एक पान गुपचूप कॅटमध्ये उलटं ठेवलंय, तर कॅट थोडा पसरला तरी त्या पानाची कड बाकीच्यांसारखीच पांढरी दिसते, कुणाला कळत नाही. बी नावाचे पत्ते आहेत ना, कॅसिनोवाले, पाठीवर काठापर्यंत चौकटीच चौकटी, त्यात तेच पान जरा डोकावलं की पांढरी रेघ लगेच डोळ्यात भरते. बी चे पत्ते वाईट नाहीत, हाताळायला छान आहेत, पण पहिला कॅट म्हणून नको.

आता प्लास्टिकचे. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते पाण्यात धुता येतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि पावसाळ्यात कोकणात राहणाऱ्याला हा मोह होणारच कारण जूनमध्ये कागदी पानं दमट होऊन वाकतात, एकमेकांना धरून बसतात. मीही याच कारणाने घेतला होता. पण जादूला ते जड जातात, पानं फार निसरडी असतात त्यामुळे दोन पानं एक म्हणून दाखवायची तिथे वरचं खालच्यावरून घसरतं. कोपरा मुडपून खूण करावी तर पान परत सरळ होतं, आणि प्रेक्षकाची सही घ्यायची म्हटलं तर मार्करची शाई बोटाने पुसली जाते. रमी खेळायला प्लास्टिक, जादूला कागद. पावसाळ्यात कागदी कॅट हवाबंद डब्यात ठेवा, बास.

स्वेनगाली कॅट जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात मिळतो, त्यात निम्मी पानं एकसारखी आणि जरा आखूड असतात. दहा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी टाळ्या मिळतात आणि त्या टाळ्यांचं मोल आहे, मी ते नाकारत नाही. पण प्रेक्षकाने "बघू जरा" म्हणून हात पुढे केला की संपलं, देता येत नाही, आणि हाताला काही नवीन शिकायलाही मिळत नाही. दुसरा कॅट म्हणून घ्या, पहिला नको.

माझं म्हणाल तर बायसिकलचे दोन घ्या, एक लाल एक निळा. सुरुवातीला कडक वाटतात, दोन-तीन दिवस नुसते पिसत राहा. ऑनलाइन फारच स्वस्त दिसला तर नकली असू शकतो, विक्रेता बघूनच घ्या. पण घरातला रमीचा कॅट फेकू नका. दिवाळीत सगळे जमले की काकू म्हणतेच, हे तुझे जादूचे पत्ते राहू देत, आमचे घे. तेव्हा एकवीस पानांची ट्रिक किंवा खालचं पान हळूच बघून ठेवायची ट्रिक त्यांच्याच जुन्या, कोपरे झिजलेल्या कॅटवर करून दाखवा, कारण या ट्रिकना हातचलाखी लागतच नाही. आणि काकूचा बदामचा एक्का तिच्याच कॅटमधून निघाला की तिचा चेहरा बघा.