डोक्यावर टोपी, टोपीत दिवे: एफ-निर्स संच आठ महिने वापरल्यावर

खोकं आलं त्या दिवशी विभागातले सगळे जमले. टोपी, वायरींचा गुंता, मोबाइलच्या चार्जरएवढे डबे आणि एक पेनड्राइव्ह. ऑफिसातले काका म्हणाले, "एवढ्यासाठी एवढे पैसे व्हय?" मला हसू आलं, पण पुढचे दोन महिने तोच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते.

मी सोलापुरात मानसशास्त्र शिकवते. आमचा प्रश्न साधा आहे. नवशिकी मुलगी विडी वळते तेव्हा तिच्या कपाळामागच्या भागाला जास्त राबावं लागतं का? आणि तीस वर्षं वळणाऱ्या मावशीचं काम नुसत्या हाताच्या भागावर भागतं का? एमआरआयमध्ये आडवं पडून कुणी विडी वळू शकत नाही. मेंदूतली वीज टिपणाऱ्या ईईजीला हातांची हालचाल सोसत नाही. म्हणून एफ-निर्स, म्हणजे डोक्यावर उजेड टाकून मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजायचं तंत्र. संच छोटा आहे: उजेड सोडणारे आठ सोर्स, तो टिपणारे आठ डिटेक्टर, त्यांच्या जोड्यांतून वीस चॅनेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यांतल्या निम्म्या आमच्याच चुका आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरला की बोट लाल दिसतं. लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मांसातून, हाडातून बऱ्यापैकी जातो. 1977 मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी याच गुणाचा उपयोग करून जिवंत मेंदूतला ऑक्सिजन बाहेरून मोजता येतो हे दाखवलं. आमच्या यंत्रात 760 आणि 850 नॅनोमीटरचे एलईडी आहेत. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन पहिला प्रकाश जास्त गिळतं, ऑक्सिजनवालं दुसरा. सोर्सपासून तीन सेंटीमीटरवर डिटेक्टर ठेवला की परत आलेल्या उजेडावरून दोन्हींतला बदल काढता येतो. पोहोच मात्र दीडेक सेंटीमीटरची, म्हणजे मेंदूची वरची सालच. "स्मृतीचं केंद्र बघू या का?" असं एका सहकाऱ्याने विचारलं होतं. ते इतकं आत आहे की विषयच संपला.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, टोपी पाच मिनिटांत बसते. बसते, टकलावर. आमच्याकडे येतात त्या मावशा, अक्का, वहिनी. दाट काळे केस, वर खोबरेल तेल, मागे अंबाडा, कधी गजरा. अंबाड्यामुळे टोपी वर ढकलली जाते आणि सी-थ्रीवर, म्हणजे हाताच्या भागावरच्या ठरलेल्या जागी, बसायचा ऑप्टोड (सोर्स किंवा डिटेक्टर) दोन बोटं पुढे जातो. टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजून मध्य काढायचा, मग टोपी, हा क्रम चुकला की पुढचं सगळं पाण्यात. आता आम्ही फोनवरच सांगतो, "मावशी, सैल वेणी घालून या, मानेवर." तेलाचा मला फार त्रास वाटला नाही, फक्त टोपी घसरते. खरा अडसर केसांचा. एकेका ऑप्टोडचं झाकण काढून, कानकोरणीसारख्या काडीने केस बाजूला सारून टाळू उघडी करायची. सोळा जागा. काळी मेहंदी असेल तर दुप्पट वेळ. सुरुवातीला चाळीस मिनिटं लागायची, आता पंधरा ते वीस. हे काम आमच्या दोन विद्यार्थिनी करतात. तंत्रज्ञ दादा हुशार आहेत, पण परक्या बाईच्या केसांत हात घालायचा म्हणजे तेही अवघडतात आणि तीही.

कच्च्या आलेखात नाडीचा ठोका, सेकंदाला साधारण एक, स्वच्छ उड्या मारताना दिसला तर समजायचं ऑप्टोड टाळूला लागलाय. ठोका नाही, तर सॉफ्टवेअरने कितीही हिरवा दिवा दाखवू दे, तो चॅनेल सोडून द्या. आमच्या संचाचा हिरवा दिवा फार उदार आहे. पहिल्या दहा जणींपैकी चौघींचा डेटा फेकावा लागला, तो या दिव्यावर विश्वास ठेवल्यामुळे.

कपाळावर केस नाहीत, म्हणून तिथे काम सोपं असेल असं वाटलं होतं. तिथे कुंकू. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने निरागसपणे ओला कापूस पुढे केला आणि समोरच्या अक्कांनी हात धरला. "कुंकू न्हाई पुसायचं." बरोबरच होतं त्यांचं. रंग प्रकाश गिळतो हे खरं, पण त्यासाठी सवाष्णीचं कपाळ पुसायला सांगणारी मी कोण? शेवटी मधल्या जागेचा ऑप्टोड काढला आणि कपाळावरचे बाकीचे दोन्ही बाजूंना सरकवले. वयस्कर बायकांच्या कपाळावर गोंदणही असतं, ते तर पुसताच येत नाही. तेव्हा मांडणी आधी कागदावर काढून, समोर खरी माणसं बसवून पाहिल्याशिवाय चॅनेल कुठे हवेत हे ठरवू नका. आम्ही उलटं केलं. आधी खरेदी, मग माणसं.

दुसरी चूक महागात पडली. कोटेशन कमी करायला आम्ही शॉर्ट चॅनेल वगळले. सोर्सपासून साधारण आठ मिलिमीटरवर बसणारे हे छोटे डिटेक्टर मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत, फक्त कातडीतलं रक्त मोजतात. कशाला हवेत, असं वाटलं. मग मावशी सुपावर वाकून पानाला दोरा बांधायला लागल्या की आलेख असा चढायचा की आम्ही टाळ्या पिटल्या. मेंदू कामाला लागला की ऑक्सिजनवाली रेघ वर जाते आणि दुसरी किंचित खाली येते. आमच्या दोन्ही रेघा हातात हात घालून वर चालल्या होत्या. मान खाली घातली की डोक्यात रक्त उतरतं, तेच होतं ते. शॉर्ट चॅनेल नंतर मागवले, वेगळे पैसे भरून, वेगळी मंजुरी घेऊन. पुण्याच्या एका बाईंनी फोनवर विचारलं, चॅनेल किती घेऊ? मी म्हटलं, चार कमी घ्या पण शॉर्ट घ्या. सूप आता छातीच्या उंचीच्या स्टुलावर ठेवतो, मान वाकत नाही. तंबाखू वापरत नाही, नुसती ओलवलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोरा.

बोलणं थांबवणं त्याहून अवघड. जबडा हलला की कानाजवळचा स्नायू फुगतो आणि त्यावरचे ऑप्टोड नाचतात. विडी वळताना गप्पा न मारणं म्हणजे यांच्यासाठी शिक्षाच. एक मावशी म्हणाल्या, "तोंड बंद ठिवून कधी वळलीच न्हाई बघा." आणि चहा. घरातून निघताना चहा, आमच्याकडे आल्यावर चहा हवाच. पण चहातल्या कॅफिनने मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं, मिश्रीतल्या निकोटिनचाही परिणाम होतो. म्हणून आधी दोन तास दोन्ही बंद. आलेल्या पाहुण्याला चहा न विचारणं सोलापुरात जमत नाही, त्यामुळे काम संपल्यावर चहा, वर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यावर नैतिकता समितीने हरकत घेतली नाही.

समितीबद्दल एवढंच, की आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचून गेलात तर दोन फेऱ्या वाचतील. संमतिपत्र मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये केलं, पण खरी संमती टॉर्चवर बोट ठेवून दाखवल्यावर मिळते. दोन प्रश्न हमखास येतात. करंट बसेल का? आणि मनातलं कळतं का? दोन्हींचं उत्तर एकच: "नाही." दुसऱ्या उत्तराने काही जणींची निराशा होते.

कामाची रचना: वीस सेकंद वळायचं, मग विश्रांती. विश्रांती नेमकी वीस सेकंदांची ठेवू नका. रक्तदाबात दर दहा सेकंदांनी येणारी एक लाट असते, मेयर वेव्ह. तुमच्या कामाचा ताल तिच्याशी जुळला की ती मेंदूच्या प्रतिसादासारखी दिसते. आम्ही विश्रांती वीस ते तीस सेकंदांच्या मध्ये बदलती ठेवतो. मेंदूचा प्रतिसाद शिखराला यायला पाच-सहा सेकंद लागतात, त्यामुळे घाईचा काही उपयोग नाही.

एका सकाळी ट्रिगर, म्हणजे काम कधी सुरू झालं त्याचे इशारे, फाइलमध्ये उतरलेच नाहीत. पाच जणींचा डेटा आहे, पण कोण कधी वळत होतं ते माहीत नाही. त्या कुंभारीहून दोन रिक्षा करून आल्या होत्या. परत बोलवायला मला तोंड नव्हतं. आता आधी एक मिनिटाची चाचणी घेऊन फाइल उघडून बघितल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर टोपी चढत नाही.

कंपनीचं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकात खोचायच्या किल्लीवर, चालतं, तोही एकच. सुदैवाने यंत्र इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी स्निर्फ फाइल देतं, त्यामुळे आम्ही पायथनमधलं एमएनई-निर्स वापरतो, फुकट आहे. मॅटलॅब असेल त्यांना होमर३ आहे.

उन्हाबद्दल कोणत्याही पुस्तिकेत काही नाही. आमची खोली पश्चिमेची. एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर, घामाने ऑप्टोड सुटतात, वीज गेली की पंखा बंद. खिडकीतून आलेल्या उन्हात हाच न दिसणारा प्रकाश भरपूर असतो आणि डिटेक्टर आंधळे होतात. पिवळा जुना बल्बही वाईट, एलईडी ट्यूब चालते. सोलापुरी चादर खिडकीला लावली, कारण ती हाताशी होती. उजेड अडला, हवाही अडली. आता खिडकीला काळं कापड, टोपीवर दुसरी काळी सुती टोपी आणि वेळ सकाळी सात ते दहा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत मात्र कुणीच येत नाही, ती सुट्टीच धरायची.

संच पंचवीस मिनिटांच्या वर डोक्यावर ठेवू नका, स्प्रिंगा टोचतात. हनुवटीचा पट्टा तिसऱ्या महिन्यात तुटला. सुटा भाग मागवला तर उत्तर आलं, टोपीसकटच घ्यावा लागेल. घराजवळच्या शिंप्याने दप्तराची पट्टी आणि वेलक्रो लावून चाळीस रुपयांत शिवून दिला. तोच अजून चालतोय, मूळच्यापेक्षा मऊ आहे.