‘सगळ्या मॉडेलला हीच स्प्रिंग, बिनधास्त बसवा’

जुन्या गाडीसाठी अ‍ॅडव्हान्स युनिटच्या स्प्रिंगा मागवणार असाल तर आधी हे वाचा. इंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडायचं काम हे युनिट करतं: त्यातली वजनं वेगानं बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगा त्यांना आवरतात.

माझी गाडी १९६९ ची ट्रायम्फ ६५० ट्विन. अ‍ॅडव्हान्स युनिटमधल्या एका स्प्रिंगचा आकडा तुटला म्हणून नवी जोडी शोधत होतो. एका विक्रेत्याकडे मिळाली. पाकिटावर माझ्याच मॉडेलचा पार्ट नंबर होता आणि ‘ओरिजिनल माल, न वापरलेला’ अशी छातीठोक खात्री. स्प्रिंगा चपखल बसल्या आणि मी निर्धास्त झालो.

मग त्रास सुरू झाला. थ्रॉटल सोडला तरी आयडलिंग खाली येईना. चढावर इंजिन नॉक करू लागलं, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला. एका सकाळी किक अशी उलटी आली की घोटा आठवडाभर सुजलेला होता. मी कार्बोरेटर उघडला, केबल बदलली, पॉइंट्स (ठिणगी पाडणारे संपर्क) पुन्हा लावले. स्प्रिंगा नव्या, म्हणून त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावल्यावर उलगडा झाला. या इंजिनात पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३८ अंशांवर असतो, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचायला क्रँकचे ३८ अंश बाकी असतानाच ठिणगी पडते. युनिट कॅमशाफ्टवर बसतं आणि तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे युनिटचे १२ अंश म्हणजे क्रँकवर २४. आयडलला ठिणगी १४ अंशांच्या आसपास पडायला हवी. माझ्याकडे मात्र आयडलच्या जरासं वर जाताच खूण थेट ३८ वर. नरम स्प्रिंग वजनांना आवरतच नव्हती. वजनं बाहेरच अडकली तर किक मारतानाही ठिणगी इतकी लवकर पडते की पिस्टन वर येता येताच मागे ढकलला जातो. असंच नॉकिंग सोसत राहिलो असतो तर पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागला नसता.

उरलेली जुनी स्प्रिंग शेजारी ठेवली. लांबी तीच, वेढे तेवढेच, पण मोजली तर नवीची तार बारीक. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. ०.८ ऐवजी ०.७ मिलिमीटरची तार असेल आणि बाकी सगळं सारखंच असेल, तर स्प्रिंग जवळपास ४० टक्क्यांनी नरम पडते. नुसत्या नजरेला हे कळणं शक्यच नाही.

सगळ्यात संताप आला तो पाकीट पुन्हा पाहिल्यावर. नंबराचं स्टिकर नखानं उचकटलं तर खाली दुसराच नंबर छापलेला, दुसऱ्याच मॉडेलचा. म्हणजे चूक नव्हे, सरळ लबाडी. विचारलं तर उत्तर आलं, “सगळ्या मॉडेलला हीच चालते. बसवलेला माल परत घेत नाही.” त्यानंतर फोन उचलणंच बंद.

पैसे देण्याआधी स्प्रिंग पाकिटाबाहेर काढून, तारेवर व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावलेला फोटो मागा. जुनी स्प्रिंग तुटली असली तरी फेकू नका, तिच्या तारेची जाडी मोजून लिहून ठेवा. नवी बसवल्यावर रस्त्यावर नेण्याआधी टायमिंग लाइट धरून रेस हळूहळू वाढवा. खूण सावकाश सरकली पाहिजे आणि रेस सोडताच जागेवर परत आली पाहिजे. तसं झालं नाही तर ती जोडी तिथंच काढा.